जिम लावून वर्ष झालं तरी पाठ रुंद होत नाही, व्ही शेप कसा आणायचा?

तुझा प्रश्न वाचला भाऊ. वय २३, उंची पाच फूट आठ, वजन ६४ किलो, छाती अन् दंड बऱ्यापैकी दिसायलेत पण मागून बघितलं की खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ फळी, आणि रेणापूरच्या जिममध्ये एक पुलडाऊन मशीन (बसून वरचा बार खाली ओढायचं), एक रॉड, थोडे डंबेल एवढंच सामान, तर व्ही शेप, म्हणजे वर रुंद अन् कमरेकडं निमुळती पाठ, येईल का असं विचारलंस. येतो. मी निलंग्याकडचा, आता लातूरला असतो, वय ३७, २०११ पासून व्यायाम करायलोय आणि पहिली दोन वर्षं माझी हीच गत होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुला तू म्हणायलोय, लहान भावासारखा आहेस, राग मानू नको.

आधी एक काम कर, वाचता वाचताच. डाव्या हातानं उजव्या काखेची मागची कड धर, अंगठा काखेत, बाकीची बोटं पाठीकडं. मऊ जाड घडी लागते बघ. आता उजवं कोपर टेबलावर टेकवून जोरात खाली दाब. घडी टणक झाली का? तीच विंग. मशीनवर लॅट लिहिलेलं असतं ते हेच. हा स्नायू कमरेच्या हाडापासून आणि मणक्याच्या खालच्या अर्ध्या भागापासून निघतो, वर जाताना निमुळता होतो, काखेखालून पुढं येतो आणि दंडाच्या हाडाला वरच्या टोकाजवळ पुढून चिकटतो. कोपराच्या खाली तो जातच नाही. हे एकदा डोक्यात बसलं ना की मग कळतं, त्याचं काम वर गेलेला दंड खाली अंगाशी आणणं आहे, मुठीनं बार ओढणं नाही. आपण सगळे मुठीनं ओढतो, म्हणून बायसेप अन् मनगटाच्या वरचा हात आधी दमतो आणि विंगला काम पोचायच्या आत सेट संपतो.

हे मला कुठल्या ट्रेनरनं नाही शिकवलं. २०१३ च्या उन्हाळ्यात, तो दुष्काळ तुझ्या घरच्यांना आठवत असेल, आमच्या गावातले बोअर आटले होते आणि घरामागच्या जुन्या आडात तळाला थोडं पाणी ऱ्हायलं होतं. मी पंधरा दिवस गावी होतो, रोज तीस-चाळीस बादल्या शेंदायच्या. पहिल्या दिवशी मी जिमवाल्या जोशात सपासप ओढायला लागलो आणि दहा बादल्यातच हात भरून आले, दोर सुटायला लागला. आज्जी बाजूला उभी होती, म्हणली, "हातानं नको वढूस लेकरा, काखंतून वढ." मग तिनं स्वतः दोन बादल्या ओढून दाखवल्या. सत्तरीची बाई, दोर वर धरायची, आधी खांदा खाली बसवायची, मग कोपर बरगडीला घासत मागं न्यायची, मूठ नुसती अडकवलेली. चेहऱ्यावर ताण नाही. मी तसं करायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी काखेखाली दोन्ही बाजूला असं दुखायला लागलं की शर्ट घालताना हात वर जाईना. दोन वर्षं पुलडाऊन मारून तिथं एकदाही दुखलं नव्हतं मला. दुखलं म्हणजेच वाढलं असं नसतं हे खरंय, पण काम कुठं पडायलंय हे त्या दिवशी कळलं.

लातूरला परत आलो आणि पुलडाऊनचं वजन ६० वरून सरळ ३० किलोवर आणलं. लाज वाटली, पण आणलं. तूही तेच कर. मशीनवर बसलास की मांड्या पॅडखाली घट्ट अडकव, बार खांद्यापेक्षा थोडा बाहेर धर. टोकाला धरू नको, लोकांना वाटतं जेवढी पकड रुंद तेवढी पाठ रुंद, तसं नसतं, लई रुंद धरलं की कोपराचा प्रवासच कमी होतो. अंगठा बाकीच्या बोटांसोबत बारच्या वरून ठेवून बघ, मला त्यानं मुठीचा जोर कमी करायला मदत झाली. हात पूर्ण वर जाऊ दे, काखेत ताण लागू दे. मग कोपर न वाकवता नुसते खांदे कानापासून खाली बसव, एक इंचभरच हालचाल आहे ती, आणि त्यानंतर कोपरं पँटच्या मागच्या खिशाकडं न्यायची आहेत असं समजून खाली आण. बार गळ्याच्या खालच्या हाडापर्यंत आला की बास. वर सोडताना तीन आकडे मोजत सोड, धाडकन सोडू नको, कारण वर जाताना स्नायू ताणाखाली लांब होतो आणि वाढीसाठी तो भाग लई महत्त्वाचा आहे. अंग मागं झोकावं लागायलंय म्हणजे वजन जास्त झालंय.

आणि बार मानेच्या मागं कधी घेऊ नको. मला एका जिममध्ये ट्रेनरनं आग्रहानं तेच करायला लावलं होतं, मानेमागं घेतलं की पाठ पसरते म्हणून, आणि मी आठ महिने तसंच केलं. उजव्या खांद्यात पुढून अशी कळ बसली की रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, चार महिने वरून ओढायचे सगळे व्यायाम बंद. छातीसमोर ओढून विंगला तेवढंच काम मिळतं, मग खांद्याला कशाला धोक्यात घालायचं.

आता पुलअप, म्हणजे आडव्या बारला लटकून हनुवटी वर जाईपर्यंत अंग ओढणं. यावर मी अडून बसणार आहे, कारण रेणापुरातल्या तुझ्या साध्या जिमला सगळ्यात मोठा पर्याय हाच आहे. आपल्याकडं पहाटे कुठल्याही शाळेच्या मैदानावर जा, आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं दिसतील. भरतीच्या मेळाव्यात बीमवर १० पुलअप मारले की ४० मार्क मिळतात, ९ मारले तर ३३, म्हणून पोरं वर्ष-वर्ष बीमला लटकलेली असतात. त्यांच्या पाठी बघ. पावडर नाही, मशीन नाही, घरची भाकरी खाऊन पाठ अशी पसरलेली की बनियनच्या बाहेर विंग दिसते. जुन्या तालमीत दोर चढायला लावायचे तेही हेच काम. आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, ज्यांनी १९७० च्या एडिनबरा कॉमनवेल्थमध्ये कुस्तीत सुवर्ण आणलं, त्यांचा फोटो बघत आमच्या पिढीतली पोरं लहानाची मोठी झाली, तेव्हा पुलडाऊन मशीन कुणी बघितलेलं तरी होतं का?

एकही पुलअप येत नसेल तरी घाबरू नको. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर घे आणि तिथून पाच सेकंद लावून सावकाश खाली ये, परत स्टूल, परत वर. असे ४ चे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. माझा पहिला खरा पुलअप असं सहा आठवडे केल्यावर निघाला. सायकलची जुनी ट्यूब बारला बांधून गुडघा त्यात टाकला तर वर जायला आधार मिळतो, फक्त ट्यूब चिरलेली नाही ना ते आधी ओढून बघ. ८ पुलअप नीट, न झुलता यायला लागले की मग बॅगेत पाच किलो टाकून पाठीला लाव. तुझं वजन ६४ च आहे, ही तुझी जमेची बाजू आहे, माझ्यासारख्या ८० किलोवाल्याला बारवर जास्त रडावं लागतं.

आठवड्यात पाठ दोनदा घे. सोमवारी एकदाच मारून सात दिवस विसरायची ही जी पद्धत आहे ना, तिच्यापेक्षा तेच सेट दोन दिवसात वाटलेले बरे, कारण दहाव्या-बाराव्या सेटला पाठीत काही जीव उरत नाही. मी पहिल्या दिवशी पुलअप चार सेट, मग पुलडाऊन तीन सेट १० ते १२ चे, मग एका हातानं डंबेल रोईंग (वाकून वजन पोटाकडं ओढायचं) तीन सेट. तीन दिवसांनी दुसऱ्यांदा रॉडनं वाकून रोईंग तीन सेट, पुलडाऊन पण आता तळवे एकमेकांकडं करून अरुंद हँडलनं तीन सेट, आणि शेवटी हात सरळ ठेवून बार डोक्याच्या उंचीवरून मांड्यांपर्यंत दाबत आणायचा, तो तीन सेट. हा शेवटचा मला लई आवडतो कारण त्यात कोपर वाकतच नाही, बायसेपला मधे घुसायला जागाच नाही, ज्याला विंग लागतच नाही त्यानं हा आधी करून मग पुलडाऊनवर बसावं. सगळ्या सेटला १२ निघायला लागले की एक प्लेट वाढव, वहीत लिहून ठेव, लक्षात ठेवीन म्हणू नको. रोईंगनं पाठ जाड होते, वरून ओढल्यानं रुंद होते असं ढोबळ सांगतात, ते पूर्ण बरोबर नसलं तरी चुकीचंही नाही, दोन्ही लागतंच. जिम बंद असेल त्या दिवशी २० लिटरचा कॅन पाण्यानं भरून कॉटवर एक हात टेकवून रोईंग मार, पाणीच २० किलो भरतं. मुठ आधी सुटत असेल तर शेवटच्या सेटला मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे वापर, त्यात कमीपणा काही नाही.

मोंढ्यातल्या हमालांची पाठ बघितलीस का कधी? मान आणि खांद्याच्या मधला भाग दगडासारखा, मणक्याच्या दोन्ही बाजूला जाड दोऱ्या, पण काखेखाली ती पसरट विंग सहसा नसते. कारण ते ओझं वाहतात, वरून खाली ओढत नाहीत. डेडलिफ्टचं, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं ऱ्हायचं, तसंच आहे, जरूर कर, ताकद येते, पण नुसत्या डेडलिफ्टनं व्ही यायची वाट बघू नको.

व्ही शेप म्हणजे निम्मा खांदा पण आहे हे लोक विसरतात. हलके डंबेल घेऊन हात बाजूला वर करायचा व्यायाम, साइड रेज, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार सेट मार, खांद्याची बाहेरची गोलाई भरली की तीच पाठ अजून रुंद दिसते. कंबर बारीक करायला हातात जड डंबेल घेऊन बाजूला वाकायचे व्यायाम पोरं करतात, ते मी तुला करू देणार नाही, त्यानं बाजूची चरबी जात नाही, उलट तिथला स्नायू भरला तर कंबर जाडच दिसेल. ६४ किलोला तुझ्या कमरेवर कमी करण्यासारखं काही असेल असं वाटत नाही. तुला वाढवायचंय.

म्हणजे खायचंय. किलोमागं १.६ ग्रॅम प्रोटीन धर, तुझे साधारण १०२ ग्रॅम झाले. आपण सोयाबीनच्या जिल्ह्यात राहतो आणि पोरं प्रोटीनसाठी पावडरच्या डब्यावर पैसे घालायलेत याचं मला खरंच वाईट वाटतं. ५० ग्रॅम सोया चंक्समध्ये २६ ग्रॅम, चार अंड्यात २४, शंभर ग्रॅम फुटाण्यात २० च्या आसपास, अर्धा लिटर दुधात १६-१७, आणि दिवसभरातल्या ज्वारीच्या भाकरी दोनशे ग्रॅम पिठाच्या धरल्या तर त्यात २० जवळ. झाले की शंभरच्या वर, वरण अन् शेंगदाण्याची चटणी अजून मोजलीच नाही. परवडत असेल तर व्हे प्रोटीन (दुधापासूनची पावडर) घे, वाईट नाही, गरजेचं नाही. पण जिममध्ये कुणी इंजेक्शन सुचवलं, किंवा लेबल नसलेल्या पुडीतली पावडर दिली, तर तिथून उठून ये. हृदय, लिव्हर आणि पुढं लेकरं होण्याची ताकद, तिन्हीवर घाव बसतो, तुझं वय २३ आहे.

एक गोष्ट खरी सांगतो. गळपट्टीच्या हाडांची लांबी आणि कमरेच्या हाडाची रुंदी व्यायामानं बदलत नाही, आणि काहींची विंग कमरेपर्यंत खाली भरते तर काहींची वरच संपते. माझी वरच संपते. मी कितीही केलं तरी फोटोतल्या बॉडीबिल्डरसारखी कमरेपर्यंत पसरलेली पाठ मला येणार नाही, पण २०१३ च्या आधीचे माझे शर्ट आज काखेत फाटतात. तुला फरक आरशात लवकर दिसणार नाही, पाठ स्वतःला दिसतच नाही, म्हणून महिन्यातून एकदा त्याच भिंतीपुढं, त्याच वेळी घरच्या कुणाकडून मागून फोटो काढून घे. सहा महिन्यांच्या आत निकाल लावू नको.

आता उन्हाळा चालू आहे, दुपारी पत्र्याच्या जिममध्ये जाऊ नको, पहाटे साडेपाचला उघडत असेल तर तेव्हा जा, पाणी जवळ ठेव. उद्या आधी स्टूल घेऊन बारखाली उभा ऱ्हा आणि पाच सेकंदांचे सावकाश उतार किती निघतात ते मोज. आकडा इथं खाली लिही, त्यावरून पुढच्या चार आठवड्यांचं तुला सांगतो.