वाहन-सल्ला : कोड मिळतो, दोष मात्र सापडत नाही

प्रश्न : माझी डिझेल हॅचबॅक २०१३ सालची आहे. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, वर्धा रोडवरील गर्दीत तासभर चालल्यावर ती अचानक बंद पडते. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन लागत नाही. सावलीत अर्धा तास उभी ठेवली की काहीच न झाल्यासारखी सुरू होते. स्कॅनरवर ‘पी०३३५’ हा कोड आल्यामुळे क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फिरण्याचा सिग्नल देणारा) बदलून घेतला, तरीही त्रास तसाच आहे. आता गॅरेजवाले ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) बदलावा लागेल असे म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ईसीयूचा खर्च तूर्त थांबवावा. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या संपूर्ण सर्किटविषयी आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याच्या दोन किंवा तीन वायरी, दोन्ही टोकांचे कनेक्टर, अर्थ (बॅटरीच्या ऋण बाजूकडे परत जाणारी जोडणी) आणि शेवटी ईसीयूचा संबंधित भाग एवढे सगळे येते. सिग्नल अपेक्षेप्रमाणे आला नाही, इतकेच ईसीयूला कळते. तो वाटेत कुठे हरवला हे त्याला कळत नाही. कोड वाचून थेट सुटा भाग बदलण्याची सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे आणि तिचे बिल ग्राहकाला भरावे लागते.

गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे ही मोठी खूण आहे. बाहेर ४५ अंश तापमान असताना उभ्या गर्दीत बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. दहा-बारा वर्षांत असंख्य वेळा तापून-निवून वायरीचे आवरण कडक होते, कनेक्टरमधील पिनांची पकड सैल होते आणि रिलेच्या आतील सोल्डरला बारीक तडे जातात. थंड असताना हे सगळे टेकलेले असते, तापल्यावर प्रसरणाने सुटते. त्यामुळे सकाळी गारव्यात गॅरेजला नेलेल्या गाडीत काहीच सापडत नाही. गाडी दुपारी, तापलेल्या अवस्थेतच तपासायला हवी.

गाडी बंद पडल्यावर लगेच स्कॅनर लावून लाइव्ह डेटामध्ये इंजिनाचे आरपीएम पाहावेत आणि सेल्फ मारावा. सेल्फ फिरत असताना साधारण १५० ते २५० आरपीएम दिसले, तर क्रँकचा सिग्नल पोहोचतो आहे आणि शोध इंधनाचा दाब किंवा मुख्य रिले यांच्याकडे वळवावा लागेल. आकडा शून्यावर राहिला, तर सिग्नल तुटला आहे. मग सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने पाहावे. तीन वायरींचा हॉल प्रकारचा सेन्सर असेल, तर त्याला गाडीच्या वायरिंग आकृतीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो का, हे तपासावे. दोन वायरींचा कॉइल प्रकार असेल, तर कॉइलचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही वेळा मोजून कंपनीच्या आकड्याशी पडताळावा. यानंतर कनेक्टर परत जोडून इंजिन चालू असताना हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून पाहावा, कनेक्टरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडावी. त्याच क्षणी इंजिन अडखळले, तर जागा सापडली.

अर्थ तपासताना वायर नुसती डोळ्यांनी पाहून भागत नाही. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातील व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टच्या आत असावे. त्याहून बरेच अधिक आले, तर इंजिनाची अर्थपट्टी गंजली किंवा सैल झाली आहे असे समजावे. पट्टी काढून दोन्ही टोके घासून परत आवळण्याचे काम अगदी स्वस्त आहे. बसवलेला सेन्सर मूळ दर्जाचा होता की बाजारातील नक्कल, हेही विचारून घ्यावे. काही नक्कल सेन्सर थंडीत उत्तम चालतात आणि तापले की गप्प होतात.

इतके सारे निर्दोष ठरले, तरच ईसीयूकडे वळावे, आणि तेव्हाही आधी तो बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवावा. भंगारातला ईसीयू आणून बसवला तरी इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) त्याचे कोडिंग जुळवल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही.

प्रश्न : तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवी आहे, अल्टरनेटरही ठीक असल्याचे सांगितले आहे. मागील वर्षी टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला होता.
— एक वाचक, कामठी

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे. गाडी कुलूपबंद झाल्यावर तिचे मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-संच) एकेक करून झोपी जातात. त्याला काही गाड्यांत अर्धा तासही लागतो. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य मानतात, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. बाहेरून बसवलेली स्क्रीन चावीच्या वायरीऐवजी कायम चालू असणाऱ्या वायरीवर जोडली आणि अर्धा अँपिअर खेचत राहिली, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. छोट्या पेट्रोल गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन दिवस पुरेसे आहेत.

तपासताना बॉनेट उघडे ठेवून दाराचे लॅच पेचकसाने बंद स्थितीत ढकलावे, म्हणजे दार उघडे राहूनही गाडीला ते बंद वाटेल. गाडीला कुलूप लावून अर्धा-पाऊण तास थांबावे आणि डीसी प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या वायरीवरचा प्रवाह पाहावा. तो जास्त असेल, तर फ्यूज उपटत बसू नये, कारण फ्यूज काढता-घालताना झोपलेले मॉड्यूल जागे होतात आणि मोजणी फसते. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजावेत. जिथे आकडा दिसतो, त्या सर्किटमधून प्रवाह चालला आहे. स्क्रीनचे सर्किट निर्दोष निघाले, तर अल्टरनेटरच्या आतील डायोडची गळती तपासून घ्यावी. चार्जिंग १४ व्होल्ट दिसले म्हणून डायोड निर्दोष ठरत नाहीत.

प्रश्न : जोरदार पावसानंतर एकाच वेळी एबीएस, एअरबॅग आणि पॉवर स्टीअरिंग यांचे दिवे लागले. एवढे सगळे एकदम कसे बिघडेल?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : बिघडलेले नसावे. एकदम अनेक दिवे लागले की सामाईक गोष्टीवर संशय घ्यावा : बॅटरीचे व्होल्टेज, एखादा अर्थ किंवा मॉड्यूलना जोडणारी कॅन वायरिंग. आपल्या भागात गाडी कडुनिंबाखाली उभी राहते आणि काचेखालच्या जाळीत पाने साचून पाण्याची वाट बुजते. मग पाणी डॅशबोर्डखाली उतरते. डाव्या सीटसमोरचा गालिचा उचलून तळ ओला आहे का, ते आधी पाहावे. अनेक गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल किंवा फ्यूज बॉक्स तिथेच असतो.

बॅटरीची जोडणी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजल्यास, त्या जागी कॅन जोडलेला असणाऱ्या गाडीत सुमारे ६० ओहम यायला हवा, कारण तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हिरवे पडलेले कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावेत, पॉलिश पेपरने घासू नयेत. पिनांवरचा मुलामा निघाला की गंज आणखी वेगाने चढतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मात्र मल्टिमीटर लावू नये. ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. एअरबॅगच्या दिव्यासोबत हॉर्न आणि स्टीअरिंगवरील बटणेही बंद असतील, तर त्याला स्टीअरिंगमधील क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तपासायला सांगावे.

प्रश्न : मोबाइलला जोडता येणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का? गाडी २०१४ सालची पेट्रोल आहे.
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : घ्यावा. भारतात कारना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीचे दोष नोंदवणारी अंगभूत प्रणाली) बंधनकारक झाले असल्याने आपल्या गाडीत तो चालावा. इंजिनाचे कोड आणि लाइव्ह डेटा त्यावर दिसतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड मात्र बहुतेक स्वस्त उपकरणांना वाचता येत नाहीत. कोड पुसण्यापूर्वी तो आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे तापमान, वेग आणि आरपीएम, मोबाइलवर टिपून ठेवावेत, कारण पुसल्यावर ते मिळत नाहीत. वापर झाल्यावर स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवावा. सॉकेटची १६ क्रमांकाची पिन थेट बॅटरीवर असते आणि चावी काढल्यानंतरही तो प्रवाह खेचत राहतो.