एकाच आईबापाची मुलं, ताई गोरी आणि मी सावळा. घराण्यात कुठेतरी 'बाहेरचं रक्त' आलं असेल का?

नाही, रंगावरून तसं काही सिद्ध होत नाही. त्वचेचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यांची वेगळी जुळणी येते. मी इंदूरला बारावीला बायॉलॉजी शिकवते, आणि 'आम्ही होळकरांबरोबर दक्षिणेतून आलो, मग आजी इतकी गोरी कशी?' हा प्रश्न जवळपास दर वर्षी येतो. रंगपेशींची संख्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणतं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, बनवतात यानं. आफ्रिकेतल्या आपल्या पूर्वजांना गडद त्वचा कामाची होती, कारण कडक उन्हातली अतिनील किरणं शरीरातलं फोलेट हे गरजेचं 'बी' गटातलं व्हिटॅमिन नष्ट करतात. उत्तरेकडे ऊन कमी, तिथं फिकट त्वचेत व्हिटॅमिन डी सहज बनतं, म्हणून ती टिकली. 'एसएलसी२४ए५' या जनुकाचा रंग उजळ करणारा प्रकार युरोपात जवळपास सर्वांत आहे, आणि भारतातही भरपूर आहे, दक्षिणेतसुद्धा. आईबापांकडे त्याची एकेकच प्रत असेल, तर एका मुलाला दोन आणि दुसऱ्याला एकही नाही, असं सहज घडतं.

मात्र तुलना चेहऱ्यावरून करू नका, तो रापलेला असतो. दंडाची आतली बाजू शेजारी धरून बघा. फरक वाटतो त्याहून कमीही निघू शकतो.