शब्दच माहीत नसेल तर शोधायचं कसं?

नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना दोन तास तिचं डॉक्युमेंटेशन चाळून हाती काही लागलं नाही, यात तुझी चूक नाही. एकाच गोष्टीला प्रत्येक भाषा वेगळं नाव देते. 'की' (म्हणजे खूण) देऊन तिची 'व्हॅल्यू' (म्हणजे तिच्याशी जोडलेली माहिती) मिळवायच्या रचनेला पायथॉनमध्ये डिक्शनरी म्हणतात, रुबी आणि पर्लमध्ये हॅश, जावात मॅप, आणि लुआमध्ये नुसतं टेबल. जावातून आलेला माणूस लुआत 'मॅप' शोधत बसला तर रिकाम्या हातानेच परतणार.

म्हणून आधी त्या भाषेची परिभाषा वाच. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वतंत्र शब्दसूची आहे, ती फार कमी जण उघडतात. 'गो' या भाषेबद्दल शोधताना 'गोलँग' लिही, नाहीतर सर्च इंजिन भलतीकडे नेतं. कोडमधली चिन्हं तर त्याहून छळतात, कारण शोधताना ती बहुतेकदा गाळलीच जातात. रस्ट भाषेच्या अधिकृत पुस्तकात चिन्हांचं वेगळं परिशिष्ट आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ तिथे मिळेल.

हॅस्केल ही भाषा शिकणार असशील तर हूगल हे तिचं सर्च इंजिन वापरच. फंक्शनचं नाव ठाऊक नसलं तरी नुसता त्याचा टाइप (ते काय घेतं आणि काय परत देतं) लिहून ते सापडतं! अशी सोय प्रत्येक भाषेला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एक वही ठेव: डावीकडे तुझ्या ओळखीचा शब्द, उजवीकडे नव्या भाषेतला.