यील्डपाशी थांबलेलं फंक्शन : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिस्टवर फॉर लूप चालतो, पण त्याच लिस्टला नेक्स्ट लावलं की टाइपएरर येते. लिस्ट इटरेटर नाही का? (बीसीएची विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : नाही. जिच्यावरून फिरता येतं ती इटरेबल. फिरताना कुठवर आलो हे लक्षात ठेवतो तो इटरेटर. पोथी एकच असली तरी ती वाचणाऱ्या दोघांच्या खुणा वेगवेगळ्या पानांवर असतात, तसे एका लिस्टवर हवे तितके इटरेटर काढता येतात. फॉर लूप आधी इटर वापरून इटरेटर मिळवतो, मग नेक्स्टने एकेक घटक घेत जातो आणि घटक संपल्याची खूण म्हणून स्टॉपइटरेशन आलं की थांबतो. तुमची इटरची पायरी राहिली, एवढंच. रेंजसुद्धा इटरेबलच आहे, इटरेटर नाही. झिप, मॅप आणि उघडलेली फाइल मात्र इटरेटर आहेत. तोंडी परीक्षेआधी हे स्वतः टाइप करून बघा.

प्रश्न : पेढीच्या जुन्या बिलांची फाइल ६ जीबीची आहे. रीडलाइन्स या सोयीने वाचायला घेतली की ८ जीबी रॅमचा लॅपटॉप गोठतो. रॅम वाढवू का? (हिशेबनीस, क्लॉथ मार्केट)

उत्तर : पैसे घालू नका, आधी रीडलाइन्स काढा. ते सगळ्या ओळींची लिस्ट करतं. साध्या रोमन अक्षरांतली ओळ असली तरी पायथन तिच्यामागे मजकुराशिवाय ४०-५० बाइट घेतो, लिस्टमधल्या जागेचे ८ वेगळे. त्यामुळे ६ जीबीची फाइल रॅममध्ये ६ जीबीवर भागत नाही. थेट फाइलवरच फॉर लूप लावा. एका वेळी एकच ओळ हाती येईल.

ओळीतून रक्कम काढायचं काम जनरेटरला, म्हणजे मागितल्यावरच एकेक किंमत देणाऱ्या इटरेटरला, द्या. फंक्शनमध्ये फाइल उघडा, लूप लावा, ओळ स्वल्पविरामांवर तोडा, रकमेचा आकडा करा आणि रिटर्नऐवजी यील्ड लिहा. आता काय होतं ते नीट पाहा. फंक्शन कॉल केलं तरी आतली एकही ओळ चालत नाही, नुसता जनरेटर मिळतो. पहिल्या नेक्स्टला फंक्शन यील्डपर्यंत धावतं, रक्कम देतं आणि तिथेच थांबतं. उघडी फाइल, अर्धा झालेला लूप, सगळी व्हेरिएबल्स जशीच्या तशी राहतात. पुढच्या नेक्स्टला काम तिथूनच पुढे. पायथनमधली मला सर्वांत देखणी वाटणारी सोय हीच. तिचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवा : फाइलचं नाव चुकलं असेल तर कॉल करताना काहीच कळत नाही, एरर पहिल्या नेक्स्टला येते. ती कॉलच्या ओळीत शोधत बसू नका.

बेरजेला एवढं पुरे. बिलं रकमेप्रमाणे लावायची असतील तर क्रम लावणारं सॉर्टेड सगळी रॅममध्ये आणणारच, तिथे जनरेटर वाचवू शकत नाही. फक्त सर्वांत मोठी दहा बिलं हवी असतील तर पायथनसोबत येणाऱ्या हीपक्यू मॉड्यूलमधलं एनलार्जेस्ट वापरा. ते दहाच जवळ बाळगतं.

प्रश्न : जनरेटरवर बेरजेचं सम फंक्शन लावलं, बेरीज बरोबर आली. लगेच पुन्हा लावलं तर ०! (नोकरदार, विजयनगर)

उत्तर : जनरेटर एकदा संपला की संपला, तो मागे जात नाही. रिकाम्याची बेरीज शून्य, म्हणून एररही येत नाही, आणि म्हणूनच ही चूक रिपोर्ट छापून झाल्यावर सापडते. फंक्शन पुन्हा कॉल करून नवा जनरेटर घ्या. डेटा छोटा असेल तर सरळ लिस्ट करा, त्यात कमीपणा काहीच नाही. इटरटूल्स मॉड्यूलमधलं, एका इटरेटरचे दोन करणारं टी इथे उपयोगाचं नाही : पहिली बेरीज पूर्ण होईपर्यंत ते सगळ्या रकमा साठवूनच ठेवतं.

प्रश्न : यील्ड हा पायथनचाच शोध का? (निवृत्त शिक्षक, सुदामानगर)

उत्तर : नाही, सर. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घडवलेल्या क्लू या भाषेत इटरेटर होते आणि यील्डही होतं. पायथनमध्ये ते २००१ साली २.२ या आवृत्तीत आलं. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित रूपात २०१५ मध्ये.