स्पर्धा परीक्षा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : राज्यसेवा पूर्व परीक्षेचे सराव पेपर सोडवतो. सामान्य अध्ययनात ८५-९० प्रश्न सोडवले की निगेटिव्हमुळे गुण घसरतात. भीतीने ६० वर थांबलो तरी कट-ऑफ दूरच राहतो. नेमके किती सोडवावेत? (जुळे सोलापूर)

उत्तर : आकडा घरून ठरवून जाऊ नका. या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. एकही पर्याय ओळखीचा नसताना चार प्रश्नांत गोल भरले, तर सरासरी एक बरोबर येतो : २ मिळाले, दीड गेला, अर्धा उरला. यात नशिबाचाच भाग मोठा. असे २० प्रश्न ठोकले आणि तीनच बरोबर आले, तर अडीच गुण उलट खिशातून जातात. पण दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर दर प्रश्नामागे सरासरी पाऊण गुण हाती लागतो. असे २० प्रश्न कोरे सोडणे म्हणजे साधारण १५ गुण सोडून देणे. कट-ऑफच्या आसपासच्या उमेदवाराला ते परवडत नाही. (यूपीएससीत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक-तृतीयांश कापतात. तिथले ‘किती सोडवावेत’ हे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नका.)

मग तुमचे गुण घसरतात का? पाचांत एक बरोबर आला तरी हा हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे साठाच्या वरच्या २५-३० प्रश्नांत तुमचे पाचांत एकही धड बरोबर येत नाही. निव्वळ अंदाजापेक्षाही हे वाईट, आणि त्याला कारण आहे. प्रश्न काढणारा अर्धवट वाचलेल्यांसाठीच एक पर्याय आकर्षक करून ठेवतो. ‘कुठेतरी वाचलंय’ म्हणून तुम्ही तोच उचलता. दुसरी शक्यता अशी, की जास्त प्रश्नांच्या घाईत येणारे प्रश्नही चुकत असतील. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी निदान करा.

पुढच्या पाच सराव पेपरांत प्रत्येक प्रश्नापुढे पुस्तिकेवर खूण करा : खात्री असेल तर ‘ख’, दोन पर्याय उरले तर ‘२’, तीन उरले तर ‘३’, काहीच कळले नाही तर ‘०’. तपासताना प्रत्येक खुणेचे बरोबर-चूक वेगळे मोजा. ‘ख’ मध्येच दहात दोन-तीन चुकत असतील, तर नवे पुस्तक आणू नका. आहे तेच पुन्हा वाचा आणि प्रश्नातले ‘अयोग्य विधान’, ‘फक्त’, ‘वरीलपैकी एकही नाही’ हे शब्द अधोरेखित करायची सवय लावा. ‘२’ चे निम्म्याहून कमी येत असतील, तर पर्याय बाद करताना कारण मनात स्पष्ट मांडा. कारण सांगता येत नसेल, तर तो पर्याय बाद झालेला नाही. खूण ‘३’ ची करा.

गोल भरणे शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नका. प्रश्नपुस्तिकेचे पान संपले की त्या पानाचे गोल भरा. ३७ वा प्रश्न सोडला आणि ३८ चे उत्तर ३७ समोर गेले, तर पुढची सगळी ओळ घसरते. शाईने भरलेला गोल खोडता येत नाही.

प्रश्न : मी कला शाखेची. सीसॅटमध्ये गणिताची धास्ती वाटते. (अक्कलकोट)

उत्तर : सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, पात्रतेपुरता आहे : २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला ०.६२५ वजा. ३२ बरोबर आणि २० चूक आले, तरी ६७.५ होतात. निम्म्याहून अधिक प्रश्न उताऱ्यांवर असतात, तेव्हा तुमची मदार तिथेच. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. उत्तर उताऱ्यातूनच द्या, स्वतःच्या माहितीतून नव्हे. गणितात टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी आणि काळ-काम-वेग एवढेच पक्के करा. निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांना ऋण गुण नसतात, त्यामुळे त्यातला एकही कोरा ठेवू नका. पण ‘फक्त पात्रतेचा’ म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत हा पेपर लांबवणे फार महागात पडते. पहिल्या पेपरात भरघोस गुण असूनही इथे अडकलेल्याचे वर्ष जाते, आणि याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. आठवड्याला एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून.

प्रश्न : सोलापूरचा इतिहास-भूगोल वेगळा करावा का? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : वेगळी वही नको, पण महाराष्ट्राच्या अभ्यासात तो येतोच. परिचयाचा विषय म्हणून बेसावध राहू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ही सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावे इथल्या मुलांना पाठ असतात. तरीही ‘त्यांना सोलापूरच्या तुरुंगात फाशी दिली’ हे विधान घाईत बरोबर वाटते. फाशी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला झाली. सोलापुरातला मार्शल लॉ (लष्करी कायदा) त्याआधीचा, मे १९३० चा. उजनी धरण भीमेवर आहे आणि पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. ती कृष्णेला मिळते, पण महाराष्ट्रात नव्हे, कर्नाटकात. खोटे विधान बहुधा असेच तयार होते : तपशील खरा ठेवून ठिकाण, साल किंवा क्रम तेवढा बदलायचा. म्हणून प्रत्येक मुद्दा वाचला की त्यावर एक खरे आणि एक खोटे विधान स्वतः लिहा. रोज दहा पुरेत. नान्नजचे माळढोक अभयारण्य, सीना नदी, सोलापुरी चादरीचे भौगोलिक मानांकन, यांवर सुरुवात करून पाहा.

प्रश्न : जुने पेपर कोणत्या उत्तरतालिकेवरून तपासावेत? (बार्शी)

उत्तर : लोकसेवा आयोगाच्या अंतिम उत्तरतालिकेवरून. पहिल्या तालिकेवर हरकती येतात आणि काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. गाईडमध्ये अनेकदा पहिलीच छापलेली असते. बदललेल्या उत्तरांना वहीत वेगळी जागा द्या. तिथे संदर्भ-पुस्तकांतच मतभेद असतो, आणि आयोग कोणते पुस्तक प्रमाण मानतो याचा अंदाज त्यातून येतो.