210 ची सिमार घ्यायचीय: जुनी, एस की अपो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाकडी 4×5 (इंच फिल्मचा) फील्ड कॅमेरा हाती आलाय, त्यावर श्नायडरची 210 मि.मी. लेन्स लावायचीय, आणि पुढ्यात तीन पर्याय आहेत. कॉम्पूर शटरमधली जुनी सिमार (काचांचा फक्त मागचा गट ठेवला की 370 मि.मी. होते ती), त्यानंतरची मल्टिकोटिंगवाली (काचेवर परावर्तन कमी करणारे अनेक थर असलेली) सिमार-एस, आणि अपो-सिमार, जिचा भाव जुनीच्या तिप्पट सांगतायत. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट. काम खिद्रापूरचं देऊळ, रंकाळा आणि घरातल्यांचे पोर्ट्रेट.

माझं मत विचाराल तर सिमार-एस. पण अट एकच, ती हातात घेऊन बघायला मिळाली पाहिजे. एस आतून धुरकट आणि जुनी लख्ख असेल तर खुशाल जुनी घ्या. या वयाच्या लेन्समध्ये कुठली पिढी यापेक्षा कुणाच्या कपाटात कशी राहिली, हे जास्त बोलतं.

तिन्हींची मूळ रचना एकच आहे: प्लाझ्मॅट, चार गटांत सहा काचा. आपण 4×5 वर बहुतेक वेळा एफ 22 ला काम करतो, आणि तिथं डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) मिलिमीटरला साधारण 68 रेघांच्या वर कुठलीच लेन्स जात नाही. एफ 32 ला तर 47 वरच गाडी थांबते. त्यातून 16×20 चा प्रिंट म्हणजे निगेटिव्ह जेमतेम चौपट मोठी. अपोचा फायदा खराच आहे, पण तो रंगीत फिल्मवर आणि अॅपर्चर जास्त उघडं ठेवल्यावर कडांना दिसणारा. तुमच्या कामात तिप्पट पैशाचा फरक मला तरी दिसत नाही. कव्हरेजचंही (लेन्स केवढं चित्र पाडते त्याचंही) तेच. एफ 22 ला एसचं वर्तुळ 294 मि.मी., अपोचं 305. 4×5 फिल्मचा कर्ण 154 च्या आसपास. उंच देऊळ फ्रेममध्ये बसवायला कॅमेऱ्याचा फ्रंट, म्हणजे लेन्सची चौकट, वर सरकवाल तेव्हा ती वर जायची थांबेल, वर्तुळ संपणार नाही.

फरक कळतो तो खिद्रापुरात. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताला गोल मोकळी जागा आहे. अंधारातले खांब आणि वरचं आभाळ एकाच फ्रेममध्ये घेतलं की जुन्या सिमारच्या सिंगल कोटिंगवर सावल्यांत राखाडी झाक उतरते. कारण काचेचे हवेला लागणारे आठ पृष्ठभाग आहेत, आणि प्रत्येक जण थोडा प्रकाश परत फेकतो. मल्टिकोटिंगमध्ये काळा काळाच राहतो. आता मेख अशी की एवढ्या मोठ्या वर्तुळातला फिल्मवर न पडणारा प्रकाश बेलोजच्या (लेन्स आणि फिल्ममधल्या घडीच्या भात्याच्या) आत आपटून परत येतो, आणि त्याला कोटिंग काही करू शकत नाही. म्हणून लेन्स कुठलीही घ्या, तिच्यापुढं नीट शेड लावा. काळ्या पुठ्ठ्याची चालते. शेड लावलेली जुनी सिमार उघड्या अपोपेक्षा चांगली निगेटिव्ह देते, यावर मी पैज लावायला तयार आहे.

जुनीचं 370 मोफत मिळतंय म्हणून हुरळू नका राव. मागचा एकच गट लावला की लेन्स एफ 12 ची होते (शटरवरचे हिरवे आकडे त्यासाठीच असतात) आणि बेलोज 370 पेक्षाही जास्त लांब लागतो. बऱ्याच लाकडी फील्ड कॅमेऱ्यांचा बेलोज 300 च्या आसपास संपतो, म्हणजे अनंतावर, अगदी लांबच्या दृश्यावरसुद्धा, फोकस बसायचा नाही. बसला तरी पिवळा फिल्टर लावा आणि ज्या अॅपर्चरला फोटो घेणार त्यालाच फोकस करा, कारण बंद करत नेलं की फोकस सरकतो.

बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. खोलीत अंधार करा, शटर उघडं ठेवा, मागून तिरका उजेड मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फंगस. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो कोपऱ्यावर थांबत नाही, त्यामुळे सरळ परत या. काठाला इंद्रधनुषी चकाकी असेल तर काचा चिकटवणारं बाल्सम सुटतंय. आतल्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर मात्र घाबरू नका. तो काळा रंग काचेपासून सुटलेला असतो, श्नायडरांत हे सर्रास दिसतं आणि फोटोत काहीच येत नाही. भाव पाडायला उपयोगी पडतं, एवढंच.

शटर 1 सेकंदावर ठेवून सोडा. कर्र आवाज शेवटपर्यंत एकसारखा यायला हवा. मध्येच दमला तर आतलं ग्रीस घट्ट झालंय. मग 1/30 मोबाइलवर 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये काढा. पडदा सुमारे आठ फ्रेम उघडा दिसला पाहिजे. जुन्या कॉम्पूरचे मंद वेग इथंच उघडे पडतात, आणि सर्व्हिसचा खर्च धरला की जुनीची स्वस्ताई निम्मी उरते. एस कोपाल 1 शटरमध्ये मिळाली तर तो शटर दुरुस्त करणारे सापडतात.

अजून एक, जे विकणारा सांगत नाही: कुणी काचा काढून दुसऱ्या शटरमध्ये बसवल्या असतील तर अॅपर्चरची पट्टी त्याच लेन्सची आहे का ते बघा. 150 ची पट्टी 210 ला लावली की सगळे आकडे खोटे. पुढचा गट फिरवून काढताना पितळेची पातळ रिंग निघाली तर ती जपा, ती गटांमधलं अंतर राखते.

लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पट्टी) विकत आणू नका. कोपाल 1 ला 41.6 मि.मी. चं भोक लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला माप लिहून दिलं की काम होतं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला, तिथं एका भोकासाठी परदेशातून पार्सल कशाला मागवायचं? फक्त मागची बाजू मॅट काळी करून घ्या.

एसवाल्याला आधी टॉर्च मारून काढलेला मागच्या गटाचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी शोधा. निक्कॉर-डब्ल्यू किंवा फुजिनॉन-डब्ल्यूची 210 दिसली तरी चालेल, जात तीच आहे.