दारू न पिताही लिव्हरमुळे रक्ताची उलटी होते का?

होते. तुमच्या भावाला उलटी झाली, प्लीहा (पोटात डावीकडे असते ती) वाढलेली निघाली, लिव्हरचे रिपोर्ट मात्र चांगले. मग तो 'पीत नाही' म्हणतो ते खरं असेल का, असं तुम्ही विचारलंय. घरच्यांनीच असं विचारावं याचं वाईट वाटलं, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ माळकरी. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रानातून आला, मळमळतंय म्हणाला आणि भडाभडा रक्त ओकला. काळपट गुठळ्या. डॉक्टरांना दाखवायला आईनं ते घमेलं पदराखाली झाकून जीपमध्ये सोबत घेतलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी नाडी बघायच्या आधी विचारलं, "रोज किती पेतो?" चुलते लगेच म्हणाले, "लपून पेत आसंल." गळ्यातली माळ कुणालाच दिसली नाही. आठ दिवसांत त्याचे सासरे भावजयीला माहेरी घेऊन गेले.

संभाजीनगरला दुर्बिणीतून बघितलं तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटलेल्या. बँड टाकून बांधल्या. सोनोग्राफीत प्लीहा बेंबीपर्यंत, प्लेटलेट 60 हजार. हिपॅटायटिस बी, सी नाही. शेवटी सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासला, सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होणं, नव्हताच. आजार निघाला नॉन-सिरोटिक पोर्टल फायब्रोसिस. जपानमध्ये यालाच इडिओपॅथिक पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. आतडी आणि प्लीहेकडून लिव्हरला रक्त नेते ती पोर्टल शीर; तिच्या लिव्हरमधल्या बारीक फांद्या अरुंद होतात. चारीत गाळ बसला की पाणी मागं तुंबून बांध फोडतं, तसं रक्त मागं तुंबतं, प्लीहा वाढते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. लिव्हर मात्र आपलं काम करत राहतं, म्हणून रिपोर्ट चांगले. बहुतेकांना तरुणपणीच कळतं, आणि नेमकं कारण पुष्कळदा सापडत नाही.

डिस्चार्ज कार्डावर 'सिरोसिस नाही' असं स्पष्ट लिहून घ्या. मी तो कागद घेऊन भावजयीच्या माहेरी गेले आणि ओसरीवर चार माणसांत वाचून दाखवला. सासरे काही बोलले नाहीत, पण पुढच्या सोमवारी ती परत आली. चुलत्यांनी मात्र शब्द अजून मागं घेतलेला नाही. काका, वाचत असाल तर ऐका, तो पीत नव्हता.

हो, सिरोसिसही न पिणाऱ्याला होतो, तेव्हा तपासण्या पुऱ्या करा. मी डॉक्टर नाही. एकदा बँड टाकून भागत नाही, शिरा पुन्हा फुगतात, दुर्बीण परत करावी लागते. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ देऊ नका. आणि शी डांबरासारखी काळी झाली तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.